जुनी डिझेल मोटार आणि तिचे थकलेले पाटे

जुनी मोटार घेण्याची गोष्ट घरांत निघाली म्हणजे प्रथम चर्चा होते ती रंगाची, मग किंमतीची आणि शेवटीं इंजिनाची. गाडीखालीं वाकून पाहण्याची बुद्धि मात्र फारच थोड्यांस होते. वास्तविक पाहतां घरांतील लहानथोर मंडळींचा सारा भार ज्या भागांवर पडावयाचा, ते भाग खालींच असतात. आणि दहा-पंधरा वर्षें वापरलेल्या गाडींत अगदीं गुपचूप थकतात तेही तेच. इंजिन थकलें तर धूर सोडतें, ब्रेक झिजले तर करकरतात, टायर झिजले तर डोळ्यांना दिसतात. पाटे मात्र तक्रार न करतां दरवर्षीं थोडेथोडे खालीं बसत जातात, आणि मालकाच्या डोळ्यांना त्या बसण्याची संवय होऊन जाते. म्हणून जुनी डिझेल मोटार पारखावी कशी आणि तिचे थकलेले पाटे बदलावे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्ही अँबॅसडर गाडी घेतों. कारण तिला वगळून आपल्याकडील कुटुंबाच्या मोटारीचा विचार पुरा होत नाहीं. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिची घडण झाली, आणि १९५७ पासून २०१४ पर्यंत ती बंगालमध्यें उत्तरपाडा येथें तयार होत होती. १९८० च्या सुमारास तिच्यांत १४८९ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन बसविण्यांत आलें, व भारतांत तयार झालेली पहिली डिझेल मोटार अशी तिची ख्याति झाली. तिचें उत्पादन २०१४ च्या मे महिन्यांत थांबलें. तेव्हां आज बाजारांत दिसणारी सर्वांत नवी अँबॅसडरदेखील दहा वर्षांपलीकडची असणार, हें मनांत धरूनच सौद्यास बसावें.

इतकें वय झालें असूनही कुटुंबांची नजर हिच्याकडे वळते, याला कारणें आहेत. मागची बैठक ऐसपैस आहे. बैठक उंच असल्यामुळें वृद्ध माणसांस गुडघे फारसे न दुमडतां बसतां-उठतां येतें. डिकींत चार जणांचें सामान सहज मावतें. आणि यंत्ररचना साधी असल्यामुळें तालुक्याच्या गांवचा मिस्त्रीही ती उलगडूं शकतो. परंतु ऐसपैस बैठक हेंच तिच्या पाट्यांचें दुर्दैवही ठरलें आहे. जागा आहे म्हणून माणसें बसत गेलीं, डिकी आहे म्हणून पोतीं चढत गेलीं, आणि त्या सर्वांचा हिशेब मागच्या पाट्यांवर लिहिला गेला.

पाट्यांचें काम

टांग्याखालीं वांकविलेल्या पोलादी पट्ट्यांची जी चवड आपण पाहिली असेल, तिचेंच भावंड अँबॅसडरच्या मागच्या अ‍ॅक्सलशीं बांधलेलें असतें. लंडनच्या ओबडाया इलियट यानें १८०४ सालीं घोडागाड्यांसाठीं अशा पोलादी स्प्रिंगांचें पेटंट घेतलें, आणि गाडीवानाच्या विद्येंतून ही युक्ति पुढें मोटारींत आली. सर्वांत वरचा पाटा लांब असून त्याच्या दोन्ही टोकांस वळवून डोळे केलेले असतात. गाडीच्या सांगाड्याशीं तोच जोडलेला असतो. त्याखालीं क्रमाक्रमानें आंखूड होत जाणारे पाटे असतात, व मधोमध एका बोल्टानें सर्वांस एकत्र ठेवलेलें असतें. एकत्र कुटुंबांत वावरलेल्या वाचकांस ही रचना समजावून सांगणें नलगे. नांव वरच्याचें, परंतु भार सर्वांनीं वांटून घेतलेला. एकमेकांवर थोडें घासत, थोडें सरकत, सारेच वांकतात आणि सारेच पुन्हा सरळ होतात. त्यांतला एक मोडला कीं त्याचा वांटा शेजारच्यावर जातो, आणि मग तोही फार दिवस टिकत नाहीं.

स्प्रिंगेचा मूळ नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. भार दुप्पट केला कीं वांकणें दुप्पट होतें, आणि भार काढतांच स्प्रिंग पूर्वपदावर येते. मात्र या नियमाला मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे वांकलेलें पोलाद पुरतें मागें येत नाहीं. थोडें वांकलेलेंच राहतें. वर्षानुवर्षें अधिक भार, खड्ड्यांचे आघात आणि पट्ट्यांमध्यें शिरलेला गंज यांमुळें ही थोडीशी तूट सांचत जाते, व पाट्याची कमान उतरते.

पाटा बसला म्हणजे मऊ झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नव्हे. पोलादाचा अंगचा ताठपणा फारसा बदलत नाहीं. हरवते ती उंची. आणि उंची हरवली कीं अ‍ॅक्सल व गाडीचा तळ यांमधील मोकळें अंतर कमी होतें. त्या अंतराच्या शेवटीं एक रबरी ठोकळा असतो. निरोगी गाडींत हा ठोकळा क्वचित् प्रसंगीं कामास येतो. बसलेल्या गाडींत प्रत्येक खड्ड्याला अ‍ॅक्सल त्याच्यावर आपटतो, आणि तो आघात थेट मागें बसलेल्या माणसांच्या कण्यास पोहोंचतो. मागची बाजू खालीं गेल्यामुळें पुढच्या दिव्यांचा झोत वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे दिपतात. एक बाजू दुसरीपेक्षां अधिक बसली असेल तर वळणावर गाडी एका अंगाला अधिक झुकते. घाटांत भरल्या गाडीनें उतरतांना हे दोष केवळ गैरसोयीचे राहत नाहींत, जिवावरचे होतात.

सौद्यापूर्वीं काय पाहावें

तपासणीस फार सामग्री लागत नाहीं. एक मोजपट्टी, एक विजेरी, जुनें पोतें आणि अर्धा तास एवढें पुरे. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी व चारही टायरांत हवा योग्य आहे याची खात्री करून घ्यावी. कारण हवा कमी असेल तर पुढचीं सारीं मापें फसवीं ठरतात.

प्रथम प्रत्येक चाकाच्या मध्यापासून त्याच्या वर असलेल्या मडगार्डाच्या कडेपर्यंत उंची मोजावी. डावें-उजवें माप जवळजवळ सारखें आलें पाहिजे. नंतर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंनीं मोजावें. अँबॅसडरमध्यें तें सुमारें २४६ सेंटिमीटर असतें. पुढचीं चाकें सरळ असूनही दोन बाजूंच्या मापांत लक्षांत येण्याजोगा फरक पडला, तर पाट्यांचा मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला असण्याचा किंवा गाडीस पूर्वीं अपघात झाल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी रस्त्यावर किंचित् तिरपी चालते.

मग पोतें अंथरून खालीं पाहावें, परंतु जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. रिकाम्या गाडींत पाट्यांची कमान स्पष्ट दिसली पाहिजे. पाटा सपाट किंवा उलटा वांकलेला दिसला तर तो संपला असें समजावें. विजेरीच्या उजेडांत प्रत्येक पट्टीवर आडवी रेघ आहे काय तें पाहावें. तुटलेल्या जागीं बहुधा गंजाची तांबूस रेघ किंवा नुकतीच घासलेली चकचकीत कड दिसते. रबरी ठोकळा चिरडलेला असेल तर गाडीनें सोसलेल्या भाराची ती साक्षच होय. पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ सांगाड्याचा पत्रा बारकाईनें पाहावा. कोंकण-गोव्याच्या खाऱ्या हवेंत वावरलेल्या गाडीचा हा पत्रा आंतून खाल्लेला असूं शकतो. आणि पत्राच कुजला असेल तर नव्या पाट्यांना धरावयाला जागाच उरत नाहीं. अशी गाडी फुकट मिळाली तरी सोडावी.

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जी परीक्षा सर्वत्र केली जाते, ती पाट्यांची नसून शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांची आहे. पाटे भार वाहतात. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर त्यांचें डोलणें आवरतात. दाबून सोडलेला कोपरा वर येऊन एकदम स्थिरावला तर शॉक-अ‍ॅब्सॉर्बर ठीक; डोलतच राहिला तर ते संपले. ही परीक्षा उत्तम उतरली म्हणून पाटेही उत्तम, असा निष्कर्ष कोणीं काढूं नये.

डिझेल इंजिनाबद्दल दोन शब्द येथेंच सांगतों. गाडी पाहावयास गेल्यावर आधीं बॉनेटवर हात ठेवावा. तें गरम असेल तर थंड इंजिन सुरू होण्याची अडचण आपणांपासून लपविली जात आहे, असें समजण्यास जागा आहे. इंजिन थंड असतांना सुरू करवून घ्यावें. पहिल्या क्षणीं थोडा पांढरा धूर क्षम्य; निळा धूर येत राहिला तर तेल जळतें आहे, आणि काळा भकभकीत धूर आला तर इंधनाच्या पंपाकडे अथवा इंजेक्टरांकडे खर्च निघणार. शिवाय पुष्कळ जुन्या पेट्रोल गाड्यांत मागाहून डिझेल इंजिनें बसविलेलीं आढळतात. अशा वेळीं इंजिनावरील क्रमांक व इंधनाचा प्रकार नोंदणी-पुस्तकांत तसाच उतरला आहे कीं नाहीं, तें ताडून पाहावें. पेट्रोलपेक्षां डिझेल इंजिन सामान्यतः जड असतें. पुढच्या स्प्रिंगांवर तो जादा भार कित्येक वर्षें पडलेला असतो.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष करूं नये. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, व पुढें तपासणी होऊन पांच-पांच वर्षांसाठीं ती वाढवून मिळते. महाराष्ट्रांत अशा जुन्या गाड्यांवर पर्यावरण करही भरावा लागतो. हस्तांतरासाठीं नमुना २९ व ३०, गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याचा नमुना ३५, आणि परप्रांतांतील गाडी असल्यास नमुना २८ चा ना-हरकत दाखला, हे कागद हातीं पडल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले व तिकडच्या पुष्कळ गाड्या अन्य प्रांतांत विकावयास निघाल्या. स्वस्ताई दिसली म्हणजे ती कोठून आली, हें विचारणें म्हणूनच अगत्याचें आहे.

एका कुटुंबाचा निर्णय

आमच्या परिचयाच्या, पुण्यांतील एका एकत्र कुटुंबापुढें असाच प्रश्न उभा राहिला होता. आठ माणसांचें घर. त्यांत पंचाहत्तरी उलटलेल्या आजी. कंबरेच्या दुखण्यामुळें त्यांनीं कोंकणांतील कुलदेवतेचें दर्शन कित्येक वर्षें सोडलें होतें. एस.टी.चे धक्के सोसत नाहींत, आणि भाड्याच्या मोटारीचे तर त्याहूनही नाहींत, असें त्या म्हणत. त्यांस नेतां यावें एवढ्याचसाठीं घरांत जुनी डिझेल अँबॅसडर घेण्याचें ठरलें.

दोन गाड्या पाहण्यांत आल्या. पहिलीला नवा पांढरा रंग, नवीं आवरणें, आणि मागची बाजू ताठ उंच. धाकट्या भावाचें मन तीवर बसलें. दुसरीचा रंग उडालेला, आणि मागची बाजू दोन्हीकडून सारखीच खालीं बसलेली, किंमतही कमी. थोरल्या भावानें दोन्हींच्या खालीं विजेरी धरली. पहिलीच्या पाट्यांना नुकताच काळा रंग दिलेला होता, आणि त्यांत इतरांहून जाड असा एक निराळाच पाटा घातलेला होता. बसलेली गाडी विकण्यापुरती उंच करण्याची ही जुनी युक्ति आहे. पाट्याची जाडी दहा टक्क्यांनीं वाढली तर त्याचा ताठपणा जवळजवळ तेहतीस टक्क्यांनीं वाढतो. कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. अशी गाडी दिसावयाला उंच, परंतु आंत बसणाऱ्यास दगडासारखी लागते. त्याच पाट्यांतील एका जुन्या पट्टीस तडाही गेलेला आढळला. दुसरी गाडी बसलेली असली तरी तिचा सांगाडा धड होता, मापें जुळत होतीं, आणि तिनें कांहींच लपविलें नव्हतें.

घरांत दोन दिवस वाद झाला. शेवटीं थोरल्यानें एका कागदावर दोन रकाने आंखले. प्रत्येक गाडीच्या किंमतींत पाट्यांची जोडी, बुश, यू-बोल्ट, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर व मजुरी यांची रक्कम, गॅरेजांतून लेखी विचारून, मिळविली. पहिलीलाही नवे पाटे लागणारच होते. तेव्हां तिच्या रंगाचे पैसे तेवढे वरचे ठरले. दुसरी गाडी घेतली गेली, व तिला आधीं पाटे आणि मागाहून रंग मिळाला. पुढच्या माघांत आजी देवदर्शनास जाऊन आल्या. गाडी पांच माणसांची आहे आणि पांचच बसतील, हा नियम मात्र थोरल्यानें त्याच वेळीं घातला. दोघे धाकटे व त्यांचा चुलतभाऊ एस.टी.नें गेले. नवे पाटे टिकवावयाचे असतील तर असा नियम करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

पाटे बदलतांना

प्रथम हें ठरवावें कीं बदलावयाचे ते जोडीनेंच. एकच बाजू नवी केली तर गाडी दुसऱ्या अंगाला झुकलेली राहते. जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेण्याचा सल्ला स्वस्त म्हणून दिला जातो. थंड पाटा ठोकून दिलेली कमान फार काळ टिकत नाहीं. आणि भट्टींत तापवून वांकविला, परंतु त्यास पुन्हा रीतसर पाणी दिलें नाहीं, तर पोलादाचें तेजच उतरतें. हें काम तापमान सांभाळून करणारा जाणता कारागीर मिळाला तर गोष्ट वेगळी. एरवीं नवी जोडीच घ्यावी. पुण्यांत नाना पेठेंत, मुंबईस कुर्ल्याच्या बाजारांत, अथवा कलकत्त्याच्या मलिक बाजारांत सुट्या भागांचीं दुकानें आहेत. घेतांना पट्ट्यांची संख्या, रुंदी, जाडी व डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी जुन्याशीं ताडावी, आणि दोन्ही पाटे फरशीवर शेजारीं ठेवून त्यांची कमान सारखी आहे हें पाहून घ्यावें.

काम घरच्या अंगणांत करण्याची हौस असली तरी जाणता मिस्त्री जवळ असावा. आदल्या दिवशीं गंजलेल्या नटांवर गंज सोडविणारें तेल टाकून ठेवावें. पुढच्या चाकांस दोन्हीकडून लाकडी पाचरी लावाव्या, गाडी मागून उचलावी, आणि तिचा भार सांगाड्याखालीं ठेवलेल्या भक्कम लोखंडी घोड्यांवर द्यावा. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर कदापि देऊं नये. जॅक अ‍ॅक्सलखालीं ठेवून त्याचें वजन तेवढें तोलावें. मग यू-बोल्ट सोडावे, मागची शॅकल सोडावी, व शेवटीं पुढच्या डोळ्याचा बोल्ट काढावा. एका बाजूचा पाटा पुरता बसल्यावरच दुसऱ्या बाजूस हात घालावा. म्हणजे अ‍ॅक्सल जागेवर राहतो.

नवा पाटा बसवितांना मधल्या बोल्टाचें डोकें अ‍ॅक्सलवरील भोकांत नीट बसलें पाहिजे. त्यावरच अ‍ॅक्सलची जागा ठरते. रबरी बुश नवे घालावे. यू-बोल्टही नवेच घ्यावे, कारण एकदां ताणून बसलेला बोल्ट पुन्हा तितक्या भरंवशानें धरीलच असें नाहीं. त्यांचे नट आळीपाळीनें, थोडेथोडे व सारखे आंवळावे. डोळ्यांचे व शॅकलचे बोल्ट मात्र गाडी हवेंत असतांना पुरते आंवळूं नयेत. गाडी चाकांवर उतरवून, आपल्या नेहमींच्या उंचीवर आल्यावर ते आंवळावे. नाहींतर रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटतें. शेंदोनशें किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हा एकवार तपासावे. पहिल्या कांहीं आठवड्यांत नवे पाटे किंचित् खालीं बसतात, त्यानें घाबरूं नये. शेवटीं दिव्यांचा झोत पुन्हा जुळवून घ्यावा.

पुढच्या बाजूस अँबॅसडरमध्यें पाटे नसून पिळला जाणारा पोलादी दांडा असतो. त्यास टॉर्शन बार म्हणतात. पुढची बाजू बसली असेल तर या दांड्यास जोडलेल्या भागानें ती जुळवितां येते. तें काम मिस्त्रीकडून करवावें. वापरलेला दांडा डावीकडचा उजवीकडे घालूं नये, कारण वर्षानुवर्षें एकाच दिशेनें पिळ घेतलेल्या पोलादास उलट पिळ मानवत नाहीं.

ज्यांची निवड दुसऱ्या जुन्या डिझेल गाडीवर असेल, त्यांनीं तिच्या स्प्रिंगांचा प्रकार आधीं जाणून घ्यावा. उदाहरणार्थ, पुण्याजवळ १९९५ पासून तयार होऊं लागलेल्या मर्सिडीज-बेंझच्या १२४ मालिकेच्या गाड्यांत चारही चाकांवर वेटोळ्याच्या स्प्रिंगा असतात. वेटोळ्याची स्प्रिंग गाडींत दाबलेल्या स्थितींत बसविलेली असते. ती योग्य दाबणाऱ्या अवजारावांचून सोडली तर बंदुकीच्या गोळीसारखी सुटून प्राणघात करूं शकते. तेथें घरगुती प्रयोग मुळींच नकोत. अवजार व अनुभव असलेल्या गॅरेजांतच तें काम द्यावें.

जुन्या गाडीची खरी किंमत विकणारा सांगतो ती नसते; ती रस्त्यावर निर्धास्तपणें चालूं लागेपर्यंत जी एकूण रक्कम लागते, ती असते. त्या रकमेंत पहिला मान रंगाला नसून पाट्यांना, ब्रेकांना व टायरांना आहे. मोजपट्टी आणि विजेरी घेऊन अर्धा तास वांकण्याची ज्याची तयारी आहे, त्याला दलालाच्या गोड बोलण्याचें भय राहत नाहीं. आणि नवे पाटे बसविल्यानंतरही गाडींत किती माणसें बसावीं, याचा निर्णय घरच्या कर्त्या माणसानेंच करावयाचा आहे. लोखंडाला नाहीं म्हणतां येत नाहीं.